टिल्टचा खटका आणि २३ दिवसांचा हेलपाटा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या गल्लीत छातीभर पाणी शिरलं. पुढे मोहल्ल्यात वर्गणी काढून जुनी फायबरची बोट अन् तिच्या मागच्या फळीला लावायचं १५ एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं.

मे महिन्यात सरावाला बोट ट्रेलरवर रामटेकजवळच्या खिंडसीला नेली. पंखा रस्त्याला घासू नये म्हणून इंजिन वर उचललं, ते वरच अडकवून ठेवणारा टिल्टचा खटका लावला अन् निघालो. परतताना एका ब्रेकरवर ट्रेलर आदळला. घरी पाहतो तर ब्रॅकेटच्या, म्हणजे इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या भागाच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग. रंग उडालेला, आतलं ॲल्युमिनियम चमकत होतं.

तो खटका बोट काठाला लावली की इंजिन वर धरायला असतो, रस्त्याचे धक्के सोसायला नाही. ५० किलोच्या आसपासचं ते धूड दर खड्ड्यात हिसका देतं आणि तो हिसका ब्रॅकेटवर अन् बोटीच्या मागच्या फळीवर बसतो. ट्रेलर आणि इंजिनचा पाय यांच्यामध्ये आधाराचा दांडा लावा, वरून पट्टा आवळा. जमिनीपासून अंतर पुरत असेल तर इंजिन खाली, सरळच ठेवून न्या.

इंजिन नवं ब्रॅकेट बसवायला दुकानात टाकलं, मग सुरू झाले तिथले हेलपाटे. "भाऊ, चार दिवसांत पार्ट येते," म्हणाले. आठव्या दिवशी गेलो तर, "गाडी निघाली आहे." पंधराव्या दिवशी मीच काउंटरवर बसून राहिलो, तेव्हा कळलं की ऑर्डरच गेली नव्हती. इंजिनचा नंबर कोणी लिहूनच घेतला नव्हता! नंबरची पट्टी त्याच फुटक्या ब्रॅकेटवर, आणि ब्रॅकेट भंगाराच्या डब्यात. मी हात घालून ते काढलं, तेल पुसून नंबर वाचून दाखवला. मृग तोंडावर आला होता आणि बोट इंजिनाशिवाय पडून होती. तो राग आजही गेलेला नाही. तुम्ही नंबरचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

त्यात इंजिन दुकानवाल्यांनी उलट्या कुशीवर आडवं टाकलेलं. फोर-स्ट्रोक कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच झोपवायचं, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. आमचं उतरलंच. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून, प्लग खोलून दोरी ओढली तेव्हा काळं तेल बाहेर उडालं. आडवं करण्याआधी थोडा वेळ उभं ठेवून आतलं पाणीही निथळू द्या.

२३ व्या दिवशी इंजिन बसलं. आधाराचा दांडा आता ट्रेलरलाच बांधलेला असतो.

आणि हो, निघताना पेट्रोलची नळी काढा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळा. इंजिन खाली घेताना आधी जरासं वर उचला, मगच खटका सुटतो. आमच्या पोरांनी पहिल्यांदा त्याला हातोडीच मारली होती.