डोक्याला ताप

‘डोक्याला ताप’ हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला त्याच्या मनात रिमोटवर चालणारी छोटी मोटार असण्याचे काही कारण नाही. पण माझ्या बाबतीत तो जितका अक्षरशः खरा ठरला आहे तितका क्वचितच कोणाच्या बाबतीत ठरला असेल. या मोटारीतले नायट्रो इंजिन, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारे इंजिन, मुठीत मावेल एवढे असते. त्याच्या वरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचे एक डोके असते, त्याला हेड म्हणतात, आणि त्या डोक्याला किती ताप आहे हे पाहण्यासाठी मी सुटीच्या दिवशी खिशात इन्फ्रारेड तापमापकाची बंदूक घेऊन मैदानावर उभा असतो. गाडी चार फेऱ्या मारून येते, मी वाकतो, तिच्या डोक्यावर बंदूक रोखून घोडा दाबतो, आकडा वाचतो आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवतो. पाहणाऱ्याला वाटते, या माणसाला त्या आकड्यातून काहीतरी कळले. बरीच वर्षे मलाही तसेच वाटत होते.

या छंदातली बहुतेक बोलणी फॅरनहाइटमध्ये चालतात. हेडचे तापमान २०० ते २७० अंशांच्या दरम्यान असावे, असे साधारणपणे सांगितले जाते. सेल्सिअसमध्ये हे अंदाजे ९३ ते १३२ होतात. त्यातही २२० ते २५० म्हणजे १०४ ते १२१ सेल्सिअस हा पट्टा बहुतेकांच्या पसंतीचा. माणसाचा ताप दोन अंशांनी वाढला की सगळे घर रात्रभर जागते, आणि इथे सत्तर अंशांच्या अंतराला ‘ठीक’ म्हणतात! एवढी ऐसपैस मुभा पाहूनच मला शंका यायला हवी होती की हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा नेमका पाळायचा नसून त्याचे काम काही वेगळे असावे. ती शंका यायला एक इंजिन खर्ची पडले; पण ते पुढे.

मुळात या इंजिनाला ताप हवाच असतो. त्याच्या पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो ज्यात वरखाली होतो ती स्लीव्ह पितळेची आणि तिला आतून क्रोमचा मुलामा, अशी याची जुनी आणि अजूनही चालू असलेली रचना आहे. ती स्लीव्ह वरच्या टोकाकडे किंचित निमुळती केलेली असते, त्यामुळे नव्या, थंड इंजिनाचे फ्लायव्हील, म्हणजे त्याच्या दांड्यावरचे जड चाक, बोटांनी फिरवू लागलो की पिस्टन वर येताना अडतो, हट्टी दारासारखा घासतो आणि जोर लावल्यावरच पुढे सरकतो. इंजिन तापले की पितळ त्या सिलिकॉनयुक्त अ‍ॅल्युमिनियमपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि दोघांमध्ये हवी तेवढी, तेलाचा थर राहील इतकीच फट तयार होते. म्हणजे हे यंत्र कारखान्यातून निघते तेव्हा मुद्दाम चुकीच्या मापाचे असते आणि त्याचे खरे माप त्याला ताप चढल्यावरच येते. उष्णतेच्या भीतीने नवे इंजिन दिवसभर गार आणि धुरकट चालवणारे लोक, ज्यांत सुरुवातीला मीही होतो, त्या बिचाऱ्या पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात वरच्या अरुंद जागेत ठोकून बसवत असतात. मिनिटाला तीस हजार फेरे म्हटले तर सेकंदाला पाचशे वेळा, आणि त्याचे हादरे सोसतो तो पिस्टनला जोडलेला खालचा कनेक्टिंग रॉड. म्हणूनच थंड दिवशी सुरू करण्यापूर्वी इंजिनाला गरम हवेच्या यंत्राने शेकून घेणारे लोक मला आता लाड करणारे वाटत नाहीत.

ताप येतो कुठून आणि जातो कुठे, हा प्रश्न मला या छंदातला सर्वांत गोड प्रश्न वाटतो. इंधनात मेथॅनॉल असते, नायट्रोमिथेन असते आणि तेल असते. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही, पाण्याचा रेडिएटर नाही. जे काही वंगण आणि जो काही गारवा मिळायचा तो याच इंधनातून. मेथॅनॉलची बाष्प होताना उष्णता शोषून घेण्याची क्षमता पेट्रोलच्या सुमारे तिप्पट असते, त्यामुळे जळण्यापूर्वी ते इंजिनाला आतून गार करते आणि जळल्यावर तापवते. शिवाय नायट्रोमिथेन आपल्या रेणूत ऑक्सिजन घेऊनच येते, म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते. आता हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची सुई घड्याळाच्या दिशेने आवळली की इंधन कमी होते, मिश्रण ‘लीन’ होते: उष्णता वाढते, गारवा घटतो आणि तेलही कमी पोहोचते, अशी तिन्ही संकटे एकाच स्क्रूने एकाच वेळी येतात. सुई सैल केली की मिश्रण ‘रिच’ होते, मागून निळसर पांढऱ्या धुराचा पट्टा निघतो, गाडी सुस्तावते, इंधन पेटवणारा प्लग ओला होतो, पण सहसा काही मोडत नाही. चूक करायचीच असेल तर सैलपणाकडे करावी, हे सगळे जण सांगतात आणि गाडी थोडी वेगाने पळताना दिसली की सगळे जण विसरतात.

ठिणगीचाही इथे पत्ता नसतो. सुरू करताना दीड व्होल्टच्या इग्नायटरने ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार लाल करायची, इंजिन धडधडले की इग्नायटर काढून घ्यायचा. पुढे मेथॅनॉल आणि प्लॅटिनम यांचे आपसात जमते आणि तार तेजाळतच राहते. ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात तापलेली प्लॅटिनमची तार ज्योतीवाचून तेजाळत राहते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ मध्ये पाहिले होते. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि छोट्या इंजिनांच्या डोक्यावरचे ठिणगीच्या कॉइल-बॅटरीचे ओझे उतरले. सोय झाली, पण एक जबाबदारीही वाढली. ठिणगीच्या इंजिनात स्फोट कधी व्हावा हे कोणीतरी ठरवून दिलेले असते. इथे ती वेळ कोणीच देत नाही. प्लग किती गरम जातीचा आहे, दाब किती आहे, नायट्रोचे प्रमाण किती आहे आणि मिश्रण लीन आहे की रिच, यावर ती आपोआप ठरते. म्हणून मिश्रण फार लीन झाले की तार अधिक तापते, इंधन वेळेआधी पेटते, पिस्टन अजून वर येत असतानाच त्याला खाली रेटले जाते, त्यामुळे उष्णता आणखी वाढते आणि त्यामुळे पेट आणखी लवकर होतो. ताप पायरीपायरीने चढत असल्याचा भास होत असतो आणि एका पायरीनंतर जिनाच संपलेला असतो.

माझ्या इंजिनाचा जिना ज्या दिवशी संपला त्या दिवशी माझ्या हातात नवी बंदूक होती. तिच्या बाजूला एक बारीक बटण होते, ते सेल्सिअसवर होते, आणि माझ्या डोक्यात मात्र फॅरनहाइटचे पाठांतर पक्के होते. पहिल्या फेऱ्यांनंतर आकडा आला ११८. मी मनाशी म्हटले, एकशे अठरा? हे तर बर्फ झाले! वास्तविक ११८ सेल्सिअस म्हणजे जवळजवळ २४४ फॅरनहाइट, हवे तिथेच. सुईला हात लावायचीही गरज नव्हती. मी सुई एक तास आवळली. सुईच्या खाचेला घड्याळाचा काटा मानून एक-एक तास, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग फिरवायचा, ही शिस्त मी कटाक्षाने पाळत होतो, याचा मला त्या वेळी अभिमानही वाटत होता. गाडी सुधारली. आकडा १२६. मी आणखी एक तास आवळला. गाडी अशी पळू लागली की कडेला उभे असलेले दोघे-तिघे बोलायचे थांबले. आकडा १३७. अजून ‘दोनशे’ला पुष्कळ अवकाश होता, म्हणून तिसरा तास. धूर दिसेनासा झाला, आवाज बारीक आणि काचेसारखा झाला, सरळ रस्त्यावर ती तशी कधीच पळाली नव्हती. विझणारा दिवा मोठा होतो, हे मला ठाऊक होते. दिवा इतका सुरेल असू शकतो, हे ठाऊक नव्हते. पुढच्या वळणानंतर ती गप्प झाली.

नंतर प्लग काढला तर एरवी ओली, चकचकीत असणारी तार राखाडी, निस्तेज आणि वेडीवाकडी झालेली होती. इंजिन गार झाल्यावर सुरू झाले, पण तापले की बंद पडायचे आणि पुन्हा निवल्याशिवाय उठायचे नाही. घासून ढिल्या झालेल्या पिस्टनचे हेच लक्षण. फ्लायव्हील बोटाने फिरवले तर ते वरच्या टोकाला न अडता गुळगुळीत फिरत राहिले. त्या गुळगुळीतपणाइतका वाईट स्पर्श मी या छंदात दुसरा अनुभवलेला नाही.

चूक बटणाची होती, असे म्हणून मी काही दिवस स्वतःची समजूत घातली. पण धूर दिसेनासा झाला होता, हे मी पाहिले होते. आवाज बारीक झाला होता, तो मी ऐकला होता. आकडा सोडून बाकी सगळे साक्षीदार ओरडत होते आणि मी एकट्या आकड्याची जबानी लिहून घेत होतो.

त्यातही हा साक्षीदार तसा कच्चा. इन्फ्रारेड बंदुकीचा लाल ठिपका जिथे पडतो तेवढ्याच जागेचे तापमान ती मोजत नाही; तिची नजर शंकूसारखी पसरते, आणि दूरून रोखली तर ती हेडबरोबर आसपासची हवाखाऊ पातीही मोजून सरासरी सांगते. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, काळ्या हेडवर बरेच खरे बोलते. म्हणून वरून, जवळून, प्लगच्या खळग्यात रोखायची, तीही गाडी जोरात पळून येताच. उभ्या गाडीच्या आयडलिंगनंतर, म्हणजे इंजिन जागेवर मंद चालल्यानंतर नाही, आणि चाके हवेत धरून इंजिन फिरवल्यानंतर तर मुळीच नाही, कारण भार नसलेल्या इंजिनाचे तापमान कशाचेच माप नसते. एवढे करून ११५ सेल्सिअस आला तरी तो सुईमुळे आला, गवताच्या ओढीमुळे आला, घसरणाऱ्या क्लचमुळे आला की बॉडीला हवा जायला पुरेशी खिडकी नाही म्हणून आला, हे आकडा सांगत नाही.

सर्वांत मोठी गंमत हवा थंड झाल्यावर होते. दुपारी ३५ अंशांत नीट लावलेले इंजिन संध्याकाळी १५ अंशांत चालवायला घेतले तर हवा सुमारे ७ टक्क्यांनी दाट झालेली असते. कार्ब्युरेटरच्या तोंडातून तेवढ्याच आकारमानाची हवा जाते, पण तिच्यात ऑक्सिजन अधिक असतो आणि इंधन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे मिश्रण आपोआप लीन होते. त्याच वेळी थंड वारा हेडच्या पात्यांवरून उष्णता ओढून नेत असल्याने आकडा दिसतो कमी. आत ताप, कपाळ गार! अशा वेळी आकडा वर आणायला सुई आवळणारा माणूस नेमके उलटे औषध देत असतो. सुई सैल करावी आणि आकडा वर हवाच असेल तर हेडच्या पात्यांना फॉइलची कानटोपी घालावी. उंच प्रदेशात, विरळ हवेत, हाच हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो.

‘मी फक्त कानाने ट्यून करतो’ असे सांगणारे लोक प्रत्येक मैदानावर भेटतात आणि त्यांच्याविषयी मला पूर्वी जो आदर होता तोही आता थोडा ओसरला आहे. कान उत्तम, पण एक्झॉस्टचा पाइप बदलला की आवाज बदलतो, आणि गाडी पुढे असली की कानाला सगळेच सुरेल वाटते. मी आता आधी धूर पाहतो. मग गाडी आयडलिंगवर असताना कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरतो: दोन-तीन सेकंदांत फेरे किंचित चढून इंजिन बंद पडले तर खालची, म्हणजे मंद वेगाचे मिश्रण ठरवणारी, सुई बरोबर, तत्काळ पडले तर लीन, बराच वेळ घरघरत राहिले तर रिच. अधूनमधून प्लग काढून तार पाहतो. हेडवर पाण्याचा एक थेंब सोडण्याची जुनी रीतही मला आवडते. तो तीन ते पाच सेकंद उकळत राहून उडाला तर बरे, पडताक्षणी नाहीसा झाला तर काळजी. सुई कितीही फिरवली तरी इंजिन दोन फेऱ्यांत दोन प्रकारे वागत असेल तर सुईला दोष न देता नळीचे छिद्र शोधतो, कारण एक्झॉस्टचा दाब टाकीत नेऊन इंधन पुढे ढकलणारी ती बारीक रबरी नळी फाटली असेल तर सगळे ट्यूनिंग हवेवर लिहिल्यासारखे असते. बंदूक शेवटी.

तिचा आकडा मी आता वहीत लिहितो. शेजारी त्या दिवसाची हवा, इंधनातल्या नायट्रोचे प्रमाण, कोणता प्लग, सुई किती फेरे उघडी, जमीन कशी. एका पानावर ११० आणि ‘सुंदर’ आहे. दुसऱ्या पानावर तोच ११० आणि ‘लीन, लगेच थांबवली, गार वारा’ असे लिहिले आहे. दोन्ही नोंदी एकाच इंजिनाच्या आहेत. गेल्या आठवड्यात एक नवखा मुलगा वहीत डोकावून विचारत होता, “काका, मग नेमका किती पाहिजे?” मी त्याला त्याच्या गाडीचा धूर कोणत्या रंगाचा आहे असे विचारले, तर त्याने तो पाहिलाच नव्हता, आणि आम्ही दोघे त्याच्या गाडीमागे वाकून उभे राहिलो.

बंदूक मी त्याला वापरायला दिली. तिच्या बाजूच्या त्या बारीक बटणावर मी चिकटपट्टीचे तीन वेढे दिलेले आहेत.