एकाच झाडाखाली पाच महिने : निसर्गवहीची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा वहीची १८ पानं झाली होती, आज ६१ झाली आहेत. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी साधारण अर्धा तास, आणि शक्यतो त्याच झाडाखाली. मध्ये दोनदा खंड पडला. एकदा तापामुळे, एकदा कामाच्या रेट्यामुळे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं इतकं शिणायचं की संध्याकाळी पुस्तकाचं एक पान सलग वाचून होत नसे. त्यातच आईचं विसरणं वाढलं. शब्द जिभेवर यायचा आणि तिथेच अडायचा. तपासण्या झाल्या. विस्मरणाची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधांबरोबर चालणं, माणसांत मिसळणं, हाताला आणि डोक्याला काम देणं यावर त्यांनी भर द्यायला सांगितला. तिथून दोन वह्या सुरू झाल्या, एक माझी आणि एक तिची.

आठवडे १ ते ६

या काळातली पानं उघडली की एक गोष्ट लगेच दिसते. मी पान काढत होते, पण समोरचं पान काढत नव्हते. मनात पानाचा एक साचा असतो: टोकदार, दोन्ही बाजू सारख्या, मधोमध एक रेघ आणि तिच्यातून निघालेल्या जोडीजोडीच्या शिरा. हात तोच साचा उतरवत राहतो. डोळे झाडाकडे असले तरी त्यांना काही विचारलंच जात नाही.

सुटका झाली ती वहीकडे न पाहता रेषा काढण्याच्या सरावाने. नजर पानाच्या कडेवर ठेवायची, ती ज्या वेगाने सरकेल त्याच वेगाने पेन्सिल सरकवायची, आणि शेवटपर्यंत कागदाकडे पाहायचं नाही. चित्र वेडंवाकडं येतं, येऊ द्यावं. चौथ्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की या झाडाच्या पानातल्या शिरा समोरासमोर निघतच नाहीत. डावीकडची जरा खाली, उजवीकडची जरा वर. शिवाय त्या कडेपर्यंत पोचत नाहीत. कडेच्या अलीकडे वळतात आणि वरच्या शिरेला जाऊन मिळतात, म्हणजे पानाच्या कडेने कमानींची एक ओळच तयार होते. हे झाड मी कित्येक वर्षं रोज पाहत होते!

आठवडे ७ ते ११

या टप्प्यावर मी जरा वाचन केलं, कारण अर्धा तास बसून आल्यावर डोकं खरंच हलकं का वाटतं हे समजून घ्यायचं होतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याची मांडणी मला सर्वांत पटली. कामासाठी आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी धरतो, बाकीचं सगळं बाजूला ढकलतो, आणि ही ताकद वापरून थकते. हलणारी पानं, ढग, पाण्यावरची तिरीप यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, ते धरून ठेवावं लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेल्या ताकदीला विसावा मिळतो.

२००८ साली मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी याची चाचणी घेतली. काहींना झाडीतून आणि काहींना शहरातल्या रस्त्यांवरून सुमारे तासभर चालवलं, पुढे तेच उलट करून पाहिलं. आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांगायच्या चाचणीत झाडीतल्या फेरीनंतर लोकांची कामगिरी सुधारली. मला धीर देणारी गोष्ट अशी की कडाक्याच्या थंडीत चाललेल्यांना फेरी फारशी आवडली नव्हती, तरी फायदा तेवढाच दिसला. कंटाळा आला असतानाही मी बाहेर जाऊन बसते, ते याच भरवशावर.

वेळेचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. तो वेळ एकदम घालवला की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. आमचे चार अर्धे तास बरोब्बर त्यात बसतात. अर्थात अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत बरी असते तेच जास्त बाहेर पडतात, असंही असू शकतं.

तापाच्या आठवड्यात पलंगावरून खिडकीतली एक फांदी काढली. पान क्रमांक ३४. रेषा थरथरल्या आहेत, पण मला ते पान फार प्रिय आहे. रॉजर उलरिक यांचा १९८४चा अभ्यास तेव्हा आठवला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. संख्या लहान आहे, पण एक खिडकीसुद्धा पुरते हे मला त्यातून घेता आलं. ज्यांना बाहेर पडणं जमत नाही त्यांनी खिडकीतलंच झाड धरावं.

आठवडे १२ ते १६ : फांद्या

पानगळ झाली आणि सांगाडा उघडा पडला. इथे पेन्सिल ठेवून शाईच्या पेनाकडे वळले. फांदी काढताना मी फांदीऐवजी फांद्यांमधली आभाळाची भोकं काढते. तिरके तिकोन, लांबोडके चौकोन असे ते आकार जुळले की फांदी आपोआप जागेवर येते. जाडीही नीट बघा. प्रत्येक फाट्यानंतर फांदी बारीक होते, मधल्या पट्ट्यात फारशी नाही. हे पाळलं की झाड खरं वाटायला लागतं.

सांतियागो रामोन इ काहाल यांची चित्रं मला याच दिवसांत भेटली. लहानपणी त्यांना चित्रकार व्हायचं होतं. पुढे ते सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशी बघत आणि कागदावर उतरवत राहिले, आणि १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी काढलेली पुर्किंजे पेशी पाहाल तर निष्पर्ण झाडच वाटेल. चेतापेशीच्या या फांद्यांना ‘डेंड्राइट’ म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ झाड या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. त्यांच्या चार चित्रांची मी नक्कल केली आणि मग पुन्हा बाहेर जाऊन बसले. रेषेत फरक पडला, पान ४५ आणि ४९ शेजारी ठेवून बघितलं की कळतं.

आईची वही

तिच्या वहीबद्दल जपून लिहिते, कारण कुणाला खोटी आशा लावायची नाही. चित्र काढल्याने तिचा आजार गेलेला नाही, जाणारही नाही.

तरी काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. जर्मनीत २०१४ साली नुकत्याच निवृत्त झालेल्या २८ जणांवर एक अभ्यास झाला. दहा आठवडे एका गटाने स्वतः चित्रं काढली, दुसऱ्याने संग्रहालयात चित्रं पाहून त्यांवर चर्चा केली. मेंदूच्या भागांमधला परस्परसंपर्क वाढलेला दिसला तो स्वतः काढणाऱ्या गटात. म्हणून मी आईला माझी चित्रं दाखवत बसत नाही, पेन्सिल तिच्याच हातात देते. कॅनडात वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांना असंही आढळलं की नुसता लिहिलेल्या शब्दापेक्षा ज्याचं चित्र काढलं तो शब्द जास्त लक्षात राहतो, आणि हे वयस्कर माणसांतही दिसतं. चित्र काढताना वस्तू आठवावी लागते, डोळ्यांसमोर आणावी लागते आणि हातही हलतो. एकाच गोष्टीला तीन वाटा फुटतात.

म्हणून तिच्या वहीत आता नावं कमी आणि आकार जास्त आहेत. पक्ष्याचं नाव अडलं तर ती शेपटी काढून दाखवते. अडल्यावर होणारी तिची घालमेल त्या वेळी तरी थांबते, आणि माझ्यासाठी तेही पुष्कळ आहे.

आठवडे १७ ते २१

जलरंग सुरू केले. बाहेर तीनच नळ्या नेते: एक पिवळा, एक निळा, एक तांबूस तपकिरी. तयार हिरवा मुद्दाम घेतला नाही, कारण स्वतः मिसळताना दोन हिरव्यांतला फरक बघावाच लागतो. कोवळ्या पानाच्या हिरव्यात तांबूस झाक असते, ती तयार नळीत मिळत नाही. ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडणं, अजून जमत नाही, रंग कडेला पसरतो. पाणी कमी करून पाहते आहे, कुणाला युक्ती ठाऊक असेल तर सांगा.

परवा आम्ही दोघींनी एकच पडलेलं पान काढलं. काम झाल्यावर ते तिथेच ठेवून आलो. काल सकाळी आई माझी वही चाळत होती, पान ६१वर थांबली.

“अगं, ते भोक राहिलं की तुझं.”

“कुठलं भोक?”

“डावीकडे. खालून तिसऱ्या शिरेपाशी. मुंगी जाईल एवढं.”

मी तशीच खाली गेले. पान अजून तिथेच पडलं होतं. डावीकडे, खालून तिसऱ्या शिरेला लागून, भोक होतं.