ग्लेनफिल्ड 60: जुन्या पॉइंट टू-टूची डागडुजी

कॉलेजात एनसीसी केलेल्यांचे हात हे वाचून शिवशिवणार, कारण विषय पॉइंट टू-टू (.22 इंच नळीच्या) रायफलीचा आहे. इथे पेनसिल्व्हेनियात जुन्या बंदुकांच्या दुकानात ग्लेनफिल्ड मॉडेल 60 कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. मार्लिन कंपनी आपला स्वस्त माल या नावानं विकायची. अक्रोडाऐवजी बर्चचा दस्ता, त्यावर मुठीपाशी ठशानं उमटवलेली खार, पण नळी अस्सल मार्लिनची: 16 उथळ खाचांची मायक्रो-ग्रूव्ह. माझ्या रायफलीच्या नंबरातले पहिले दोन आकडे 24. ते 100 मधून वजा केले की बनावटीचं साल निघतं, म्हणजे 1976.

अशी रायफल घरी आली की लोक लगेच काळा प्लॅस्टिकचा दस्ता आणि भारीतली दुर्बीण मागवतात. मला ते पटत नाही. आधी ती 1976 साली जशी चालत होती तशी चालू द्या, मग हौस करा.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचे दोन स्क्रू काढले की सगळी यंत्रणा वर उचलून येते. आत मेण, शिसं आणि जळालेल्या दारूची काळी पेस्ट साचलेली असते. .22 चं काडतूस तसं मळकटच. गोळीला बाहेरून मेण नाहीतर वंगण चोपडलेलं असतं. रिसीव्हरच्या (यंत्रणेच्या धातूच्या खोक्याच्या) मागच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक छोटा बफर बसतो, बोल्टचा, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाचा, धक्का झेलणारा. माझ्यातला पिवळा पडून बिस्किटासारखा चुरा झाला होता. नवा अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि बसवल्यावर बोल्टचा खडखडाट तिथल्या तिथे थांबतो. बोल्टची स्प्रिंग मात्र लांब आणि नाजूक आहे. परत बसवताना जपून, एकदा मुरडली की ती बदलावीच लागते.

नळी साफ करण्याबद्दल माझं ठाम मत आहे. या रायफलीचा रिसीव्हर मागून बंद, त्यामुळे गज घालायचा तर पुढच्या तोंडातून. गज तोंडाच्या कडेला घासत राहिला की ती कड झिजते आणि नेमाची वाट लागते. म्हणून एनसीसीत शिकवलेलंच करायचं: पुलथ्रूची दोरी आणि चिंधी, मागून पुढे.

दस्त्यावर मी सर्वात जास्त वेळ दिला. पॉलिश पेपरला हातही लावला नाही; खारीची शेपटी पहिल्या दोन घाशांत जाते. जुनं वॉर्निश केमिकलनं मऊ केलं आणि ठशातलं टूथब्रशनं उकरून काढलं. जिथे लाकूड दबलं होतं तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेनं तंतू फुगतात आणि खळगा बराचसा भरून येतो. मग उकळलेलं जवस तेल, पातळ हातानं, तळव्यानं गरम होईपर्यंत चोळून. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा. बर्चला अक्रोडासारखे रेषांचे खेळ नसतात, पण त्या मधाळ रंगावर खारीचा डोळासुद्धा आता स्पष्ट दिसतो आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

दुर्बीण साधी चार पटीची घेतली, पण रिमफायरसाठीची, म्हणजे .22 सारख्या बुडाच्या काठावर पेटणाऱ्या काडतुसांच्या रायफलींसाठीची. तिचं पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) साधारण 50 यार्डांवर जुळवलेलं असतं. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणीत बहुधा 100 वर.

आणि मग काडतुसं. खर्च करायचाच तर इथे करा. प्रत्येक .22 ची आवड वेगळी असते. वाळूच्या पिशवीवर टेकवून वेगवेगळ्या डब्या पाच-पाच गोळ्यांनी तपासा. माझी सेकंदाला 1235 फूट वेगाच्या सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅग काडतुसांवर गोळ्या तळहातभर पसरते. त्याच कंपनीची 1070 फुटांची स्टँडर्ड व्हेलॉसिटी, गोळीचं वजन तेच 40 ग्रेन (सुमारे अडीच ग्रॅम), घातली की 50 यार्डांवर पाचही गोळ्या इथल्या क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) नाण्याखाली झाकतात. ती आवाजाच्या वेगाच्या खालीच राहते, त्यामुळे कडाकाही कमी.

चापाला मी हात लावलेला नाही. जड आहे, पण स्वच्छ केल्यावर सुटतो सरळ, आणि सेफ्टीशी जोडलेल्या भागांवर घरी कानस चालवू नये असं माझं मत आहे. तुम्हाला अशी रायफल दुकानात दिसली तर दस्त्याचे ओरखडे सोडा. दुकानदाराकडून बोल्ट मागे ओढून घ्या आणि काडतूस नळीत चढतं तो फीड थ्रोट झिजलाय का, ते टॉर्चनं बघा.