प्लॅनवरच्या फुल्या आणि काळी अस्वलं

“किती होते गं?” ओटावात लॅक्रॉस नावाच्या खेळाचा सामना बघून आल्यावर काकांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. कोण जिंकलं हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांचाही दोष नाही म्हणा. उमेदीची वीसेक वर्षं त्यांनी पुण्यात नाटकांच्या बुकिंगला बसून काढली. बालगंधर्वची खिडकी, समोर पसरलेला प्लॅन, हातात निळी पेन्सिल. खुर्ची विकली की त्या चौकोनावर फुली. पास दिला असेल तर फुली नाही, नुसता गोल. प्रयोग संपल्यावर निर्माता खूश होऊन “काय गर्दी होती!” म्हणाला की काका त्याला शांतपणे गोल मोजून दाखवायचे.

त्यामुळे प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि मी खरोखरच मोजायचा प्रयत्न केला होता. पण लॅक्रॉसच्या सामन्यात फुल्या कोणत्या आणि गोल कोणते, हे खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावरून कळत नाही.

आम्ही राहतो कनाटात, म्हणजे ओटावाच्या पश्चिम टोकाला. आयटीवाल्यांची वस्ती. संक्रांतीला तिळगूळ द्यायला दहा घरं चालत जाऊन होतात, फक्त उणे वीसमध्ये चालायची तयारी हवी. शहराचं मोठं इनडोअर स्टेडियम, कॅनेडियन टायर सेंटर, आमच्या बाजूलाच आहे. १९९६ साली ते बांधलं तेव्हा इथे शेतं होती म्हणे. डाउनटाऊनपासून पंचवीसेक किलोमीटर, महामार्गाला लागून. पुणेकरांना एका शब्दात सांगायचं तर गहुंजे. तिथे जशी मॅच संपल्यावर गाडी बाहेर काढता काढता दुसरा दिवस उजाडतो, तसंच इथेही. हे स्टेडियम मुळात हॉकीचं (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची), सेनेटर्स संघाचं. २०२४ मध्ये तिथे एक नवा संघ राहायला आला: ओटावा ब्लॅक बेअर्स. खेळ लॅक्रॉस.

नवा म्हणजे तरी काय, लाँग आयलंडवरून सामानसुमानासकट हललेला. तिथे तो न्यूयॉर्क रिपटाइड या नावाने खेळायचा. नाव, रंग, गाव बदललं आणि आमचा झाला.

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा, पळवायचा आणि फेकायचा. मैदानी प्रकार वेगळा. व्यावसायिक नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये चालतो तो ‘बॉक्स’. हॉकीच्या रिंकवर हिरवा गालिचा अंथरतात. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोली, म्हणजे गोलरक्षक. गोल चार फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद, आणि त्याच्यापुढे अंगाला गाद्यागिरद्या बांधल्यासारखा गोली उभा. तो मधोमध उभा राहिला की चेंडू जायला फट कुठून मिळते हेच मला पहिला अर्धा तास कळलं नाही. तरी दोन्ही संघ मिळून वीस-बावीस गोल सहज होतात, कारण चेंडू हातात आल्यापासून ३० सेकंदांत गोलवर मारावाच लागतो. आणि खेळ चालू असताना वर गाणी चालूच. थांबतच नाहीत. विसर्जनाच्या मिरवणुकीत कबड्डी लावल्यासारखं वाटतं. नवऱ्याला ते फार आवडलं. मला दुसऱ्या क्वार्टरला डोकेदुखीची गोळी लागली.

हा बॉक्स प्रकार निघाला तोच मुळी तिकिटं विकण्यासाठी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलच्या हॉकीवाल्या धंदेवाईक मंडळींपुढे प्रश्न होता की उन्हाळ्यात बर्फ काढल्यावर रिंक रिकामे पडतात, त्यांचं करायचं काय. मैदानातला लॅक्रॉस त्यांनी उचलून आत आणला. आता उलटं झालंय. कॅनडाच्या १९९४च्या कायद्यानुसार हॉकी हा हिवाळ्याचा राष्ट्रीय खेळ आणि लॅक्रॉस उन्हाळ्याचा. पण ही लीग खेळते हिवाळ्यात, हॉकीच्या दोन सामन्यांमधल्या मोकळ्या तारखा पकडून. आमच्याकडे एखादं प्रायोगिक नाटक व्यावसायिकच्या दोन प्रयोगांमध्ये सकाळची तारीख पकडतं, तसं.

आता तिकीट. हॉकीला आम्ही एकदाच गेलोय, तेही टोरांटोचा संघ येणार होता तेव्हा. अडाणीपणाच तो. त्या दिवशी भाव आभाळाला भिडतात, कारण टोरांटोचे चाहते झुंडीने येऊन अर्धं स्टेडियम निळं करून टाकतात. त्या रात्री एका तिकिटाला जे मोजले, त्यात लॅक्रॉसला आमचं चौघांचं कुटुंब खालच्या मजल्यावर, काचेच्या जवळ बसलं. मी, नवरा, लेक आणि भारतातून आलेल्या सासूबाई.

स्वस्त म्हणून मी खूश होते. मग आकड्यावर बोट ठेवून त्याची फोड उघडली: मूळ तिकीट, त्यावर सेवाशुल्क, वर ऑन्टारिओचा १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. निदान सगळा आकडा आधी दिसतो एवढं बरं. पूर्वी आधी एक भाव दाखवायचा आणि पैसे भरताना दुसराच, असं सर्रास चालायचं. २०१९ मध्ये इथल्या स्पर्धा आयोगाने त्यापायी एका बड्या तिकीट कंपनीला ४५ लाख डॉलर भरायला लावले. पण आधी दिसलं म्हणून सेवाशुल्क कमी होत नाही. सेवा कोणती, तर मीच माझ्या फोनवर, माझ्या डेटावर, माझ्या हाताने तिकीट काढलं ती. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आम्ही उन्हात खिडकीत बसायचो, आम्हाला कुणी शुल्क दिलं नाही.”

त्यात पार्किंग धरा. माझ्या मते नव्या संघाचा खरा शत्रू पार्किंग आहे. तिकीट स्वस्त ठेवता येतं, पण गाडी उभी करायचे पैसे हॉकीला आलात काय नि लॅक्रॉसला आलात काय, तेवढेच चटका देतात. मग आत पुटीन. तळलेले बटाटे, त्यावर चीजचे गोळे आणि गरम ग्रेव्ही, एका कागदी द्रोणात. लेकीला एक, नवऱ्याला एक. सासूबाईंनी बाहेरचं काही खायचं नाही म्हणून कोटाच्या आतल्या खिशात नारळाच्या वड्या आणल्या होत्या. दारावर पर्स उघडून पाहिली, पण सत्तरीच्या बाईचा खिसा तपासायचं धाडस कुणी केलं नाही. हिशेब केला तेव्हा तिकिटांइतकाच खर्च तिकिटांबाहेर झाला होता. वड्या सोडून.

आणि गर्दी? वरचे मजले अंधारात होते. खालचं बऱ्यापैकी भरलेलं, पण एकसारखं नाही. एका कोपऱ्यात नेपियन आणि ग्लॉस्टरच्या लॅक्रॉस क्लबांची पोरं आपापल्या जर्सी घालून, प्रशिक्षकांसकट, सवलतीच्या तिकिटांवर आलेली. सगळ्यात जास्त आवाज त्यांचा. दुसरीकडे कुठल्यातरी ऑफिसची मंडळी, पाठ खेळाकडे आणि तोंड बिअरकडे. काकांनी तिथे डोळे झाकून गोल काढले असते.

शेजारचे आजोबा सोबत येणार होते, आले नाहीत. “मी एकदा फसलोय,” म्हणाले. त्यांच्या तळघरात ओटावा रेबेलची टोपी आहे. २००१ साली सिराक्यूजचा लॅक्रॉस संघ इथे आला, तीन हंगाम खेळला, बहुतेक वेळा हरला आणि गुंडाळला गेला. पुढे तीच फ्रँचाइझ एडमंटनने घेतली. ‘रश’ नाव लावून २०१५ मध्ये तिथे विजेतेपद मिळवलं, आणि जिंकल्या जिंकल्या तिथूनही उठून सस्कॅचवनला गेली. तिथे पहिल्याच हंगामात, २०१६ मध्ये, पुन्हा चषक. साधं सस्काटून गाव, पण लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. म्हणजे आजोबांनी ज्याच्यासाठी टोपी घेतली, तो संघ जगला, भरभराटला, फक्त त्यांच्या गावात नाही.

या शहराची ही खोड जुनी आहे. लिंक्स नावाचा बेसबॉल संघ १९९३ मध्ये आला तेव्हा लोक तुटून पडले होते. २००७ नंतर तो अमेरिकेत गेला तेव्हा स्टँड ओस पडलेले. फुटबॉलचे (इथला, चेंडू हातात घेऊन पळायचा) रफ रायडर्स १९९६ मध्ये बंद, त्यानंतरचे रेनेगेड्स चार हंगामांत बंद. उलट बायकांच्या व्यावसायिक हॉकीत ओटावाच्या संघाचा पहिला सामना २ जानेवारी २०२४ला इथेच लॅन्सडाउनला झाला, तेव्हा ८,३१८ लोक जमले आणि तो त्या काळचा विक्रम ठरला. ते मैदानही गावात आहे, बसने जाता येतं. मी पुन्हा पार्किंगवरच आले, बघा.

शिवाय खिसा एकच. हॉकी, ज्युनियर हॉकी, बायकांची हॉकी, फुटबॉल, सॉकर, बास्केटबॉल आणि आता लॅक्रॉस. बरेचसे सरकारी नोकरीत असलेल्या, मोजून खर्च करणाऱ्या गावात एवढ्या संघांनी हात पुढे केला तर कुणाच्या हातात काय पडणार?

पण आमच्या रांगेत एक कुटुंब होतं, त्यांच्यापुढे हे सगळं गणित चुकतं. आजी, तिची मुलगी आणि दोन नातू. अक्वेसास्नेहून आलेले, म्हणजे दीडेक तास गाडी हाकत. अक्वेसास्ने ही मोहॉक लोकांची भूमी, ऑन्टारिओ, क्यूबेक आणि न्यूयॉर्क या तिन्हींच्या सीमांवर पसरलेली. लॅक्रॉस त्यांचा. सृष्टीच्या निर्मात्याने दिलेला खेळ मानतात, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळतात. माँट्रियलच्या एका दातांच्या डॉक्टरने, जॉर्ज बिअर्सने, १८६७ मध्ये त्याचे नियम लिहिले, त्याआधी कित्येक शतकं हे लोक खेळत होते.

सासूबाईंनी त्या आजींना वडी दिली. भाषा नाही, काही नाही, पदराखालून काढल्यासारखी कोटातून काढून हातावर ठेवली. त्यांनी खाल्ली, मान डोलावली आणि मग माझ्या लेकीच्या मार्फत गप्पा सुरू झाल्या. त्यांच्यात मुलगा जन्मला की पाळण्यात लाकडी काठी ठेवतात, आणि माणूस गेला की ती त्याच्याबरोबर जाते. हिकरीच्या लाकडाची, वाफवून वाकवलेली. सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडे पाचवीला वही-पेन ठेवतात तसं.” मी ते भाषांतर करून सांगितलं. आजी बराच वेळ हसत होत्या.

आजी दोन्ही संघांतल्या कितीतरी खेळाडूंना चेहऱ्याने ओळखत होत्या. हा अमक्याचा मुलगा, त्याच्या बापाला मी खेळताना पाहिलंय, हा डाव्या हाताचा, कोपऱ्यातून मारेल बघ. आणि त्याने तिथूनच मारला. तिकीट महाग वाटलं का, असं मी पुणेकरपणे विचारलंच. त्यांच्या मुलीला प्रश्नच नीट कळला नाही. मोठ्या नातवाने मध्येच सांगितलं, “पेट्रोल महाग आहे.”

सामन्यानंतर मुलांना गालिच्यावर सोडलं. खेळाडू घामाने निथळत, ओळीने उभे राहून काठ्यांवर, टोप्यांवर सह्या देत होते. लेकीने एकाला विचारलं, उद्या पण मॅच आहे का. तो म्हणाला, उद्या प्रवास, सोमवारी शाळा. तो शिक्षक होता. या लीगमधल्या बऱ्याच जणांना आठवडाभर नोकरी असते, शनिवार-रविवारी विमान पकडून खेळायला येतात. नाटकवाल्यांचं बँकेतली नोकरी सांभाळून दौरे करणं मला आठवलं. ज्याच्या तिकिटातून घर चालत नाही, त्याच्या तिकिटाबद्दल मी सेवाशुल्कावरून कटकट करत होते, याची थोडी लाज वाटली. थोडीच. शुल्क त्याला जात नाही.

हे सगळं काकांना सांगितलं. लॅक्रॉस २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, आणि ते ठरलं ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या मुंबईच्या बैठकीत, क्रिकेटच्याच बरोबरीने, हेही सांगितलं. “मुंबईत ठरलं होय,” एवढंच म्हणाले. पुणेकराकडून जास्त अपेक्षा नव्हतीच. मग मूळ मुद्द्यावर आले.

“पास किती होते?”

“माहीत नाही काका. पण दीड तास गाडी चालवून आलेले होते.”

“त्या फुल्या,” काका म्हणाले. “त्या चुकायच्या नाहीत. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघ.”

हंगामात घरचे सामने नऊ. सगळ्यांचं सीझन तिकीट घ्यायचं की नाही, यावर आमच्याकडे तीन दिवस खल झाला. लेकीची शाळा, बर्फ, पार्किंग. शेवटी मोजके सामने घ्यायचं ठरलं, त्याच रांगेत, आजींच्या कुटुंबाशेजारी जागा मिळाल्या तर. लेकीला काळ्या अस्वलाची जर्सीही हवी होती. तिथे मात्र नवरा अडला. त्याच्या सिंहगड रोडच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पुणे वॉरियर्सची एक जर्सी आहे. तो संघ २०११ ते २०१३, तीन हंगाम टिकला. तिच्याखाली रायझिंग पुणेची आहे. ती मंडळी दोनच हंगाम होती आणि २०१७ची अंतिम फेरी एका धावेने हरून गेली.

“रेबेल पण तीनच,” तो लेकीला म्हणाला. “चौथ्या हंगामाला घेऊ.”