सही करण्याआधी

बारावीचे निकाल लागले की गोव्यातल्या फोंड्याहून मला फोन सुरू होतात. यंदाही आले. "कॉमर्स आणि लॉ एकत्र म्हणजे नक्की काय गो? दोन्ही अर्धं-अर्धं शिकवतात?" मेलबर्नमध्ये हे माझं चौथं वर्ष. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

अर्धं-अर्धं नाही. पाच वर्षांत दोन पूर्ण पदव्या मिळतात. कायद्याचे अकरा विषय सक्तीचे असतात, इथे त्यांना 'प्रीस्टली इलेव्हन' म्हणतात. करार, मालमत्ता, कंपनी कायदा, पुरावा, वकिलीची नीती हे सगळं त्यात येतं आणि ते केल्याशिवाय इथे वकिली करता येत नाही. दुसऱ्या बाजूला हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र. पहिल्या वर्षी मी कायद्याच्या पेपरात पाठ केलेलं सगळं उतरवून आले आणि गुण जेमतेम मिळाले. कायदा काय आहे हे त्यांना ठाऊकच असतं. समोरच्या माणसाच्या अडचणीला तो कसा लागू होतो, हे लिहायचं असतं. पाठांतरावर वाढलेल्या आपल्या मुलांनी हे येण्याआधीच मनात पक्कं करावं.

दोन विषय एकत्र का शिकायचे, हे मला तिसऱ्या वर्षी एका खटल्याने शिकवलं. सेंट्रो ही इथली शॉपिंग मॉलची मोठी कंपनी. 2007 च्या तिच्या ताळेबंदात दीड अब्ज डॉलर्सच्या आसपासचं कर्ज चुकीच्या रकान्यात पडलं होतं. वर्षभरात फेडायचं कर्ज दीर्घ मुदतीचं म्हणून दाखवलं गेलं. संचालकांनी हिशेब मंजूर केले. आमच्याकडे अधिकारी होते, ऑडिटर होते, आम्ही त्यांच्यावर विसंबलो, असं त्यांचं म्हणणं. 2011 मध्ये फेडरल कोर्टाने ते मान्य केलं नाही. हिशेब स्वतः वाचणं आणि समजून घेणं ही संचालकाची स्वतःची जबाबदारी आहे, ती दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

स्टेट लायब्ररीच्या घुमटाखाली बसून मी तो निकाल वाचला. शेजारी हिशेबाचं पुस्तक उघडं होतं. चालू देणी कुठली आणि दीर्घ मुदतीची कुठली, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलेलं. तोवर तो मला परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न वाटत होता. त्या दुपारी त्या रकान्याचं वजन कळलं. नुसतं कॉमर्स केलं असतं तर रकाना दिसला असता, पण त्यामागची जबाबदारी दिसली नसती. नुसता कायदा केला असता तर उलट झालं असतं.

आणि मला घर आठवलं. बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आई कधी गल्ल्यावर बसत नाही. तरी दर वर्षी दुकानाच्या नफ्यातला निम्मा हिस्सा तिच्या प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवला जातो. लहानपणी मी तिला विचारायचे, "तू कुठे धंदा करतेस?" याचं उत्तर आपल्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. म्हणून 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात आपल्यासाठी वेगळं कलम 5अ आलं. पगार ज्याचा त्याचा, बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. धंदा आणि कायदा आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केव्हापासून एकत्र बसलेत, आणि ते बघायला मला समुद्रापार यावं लागलं.

परतायचा विचार असलेल्यांनी एक तपासावं. आपलं परदेशी विद्यापीठ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यता यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच बघा. भारतात सनद घ्यायची तर पात्रता परीक्षाही द्यावी लागते. खर्चाचं म्हणाल तर विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं. त्यातून भाडं-खाणं ओढूनताणून निघतं, फी नाही.

माझी फी कर्जातून भरली जाते. त्यासाठी घर तारण ठेवलं तेव्हा आईचीही सही लागली. घर दोघांचं आहे, तिच्या संमतीशिवाय ते होत नाही. बँकेतल्या माणसाने पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. आईने चष्मा लावला, पदर सावरला आणि फुलीवर फुलीवर सह्या करत गेली. शेजारीच बसलेल्या मला तेव्हा वाटलं, चला, काम लवकर झालं. एक पानही मी तिला वाचून दाखवलं नाही.

जुलैच्या सुट्टीत मी येतेय. इथे थंडी, तिथे पाऊस. कपाटातली ती फाईल बाहेर काढून ठेव असं आईला सांगितलंय. पहिल्या पानापासून, सगळी मराठीत, तिला वाचून दाखवणार आहे.