उंच दिसणाऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य

पुण्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आलेली ती उघडी टूरिंग गाडी फोर्डची मॉडेल टी होती. १९२३ ची, कॅनडात बनलेली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. मालकांना ती कुटुंबासह खंडाळ्याच्या घाटातून न्यायची होती, पण इतकी उंच गाडी वळणावर कलंडणार तर नाही ना, ही धास्ती त्यांच्या मनात होती. माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना नुसत्या अंदाजाने उत्तर देणे मला पटेना, म्हणून गुरुत्वमध्य मोजायचे ठरले.

लांबीच्या दिशेने तो लगेच सापडला. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवल्यावर पुढच्या आसावर ३०० आणि मागच्यावर ३६८ किलो भार आला. दोन आसांमधले अंतर २,५४० मिलिमीटर, त्यामुळे गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या सुमारे १,४०० मिलिमीटर मागे ठरला. खरे कसब उंची काढण्यात असते. पुढची चाके ६०० मिलिमीटर वर उचलायची आणि मागच्या आसावरचा भार किती वाढतो ते पाहायचे; ही वाढ इतकी थोडी असते की काटा एका किलोने चुकला तरी उंचीत १५-१६ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून पुढच्या आसनाखालची पेट्रोलची टाकी आम्ही पूर्ण रिकामी केली आणि चासी व आस यांच्यामध्ये लाकडी ठोकळे बसवून दोन्ही आडव्या पाट्यांची (स्प्रिंगांची) हालचाल बंद केली.

तरीही मागचे आकडे प्रत्येक वेळी निराळे येत होते. पुढची चाके उंचावर अडकण लावून पक्की केलेली असल्यामुळे, गाडी तिरपी होताना मागची चाके सुमारे ७० मिलिमीटर पुढे सरकायला हवीत. ती अडली तर आडवा रेटा तयार होतो आणि तो काट्यावर वजनाच्या रूपाने दिसतो. आमच्या ज्येष्ठ मिस्त्रींनी एक मागचे चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवून पाहिले.

"साहेब, दांडा मधोमध आहे, ब्रेक सुटलाय. पण क्लचच्या चकत्यांमधलं तेल थंड आहे, ते चाकाला धरून ठेवतंय."

निदान अचूक होते. या गाडीत हाताचा दांडा मधोमध ठेवला की ब्रेक आणि क्लच दोन्ही सुटतात. या गाडीचा क्लच अनेक चकत्यांचा आणि तेलात बुडालेला असतो. थंडीत तो सुटूनही पूर्ण सुटत नाही. मग मागच्या प्रत्येक चाकाखाली, काट्यावर, मध्ये भरपूर ग्रीस घातलेल्या दोन पोलादी प्लेटा ठेवल्या. आता उचलताना आणि उतरवताना एकच आकडा येऊ लागला: ३८५ किलो, म्हणजे १७ किलोंची वाढ. त्यावरून उंची निघाली ६४० मिलिमीटर.

मला याचा मनापासून आनंद झाला, कारण गाडी दिसते तितकी डोकेजड नव्हती. पातळ पत्रा आणि कापडी टप यांना वजन फारसे नसते. इंजिन, गिअर आणि आस हा सगळा जड भाग खालीच असतो. चाकांमधली रुंदी १,४२२ मिलिमीटर. तिच्या निम्म्याला उंचीने भागले की १.११ येते. गाडी उलटायला तिच्या वजनाच्या किती पट आडवा जोर लागेल, ते हा भागाकार सांगतो, आणि आजच्या कित्येक एसयूव्हींचा आकडा याच्या आसपास असतो.

पण त्या आसनांवर माणसे बसली की हिशेब पालटतो. ७० किलोंची चार माणसे धरली आणि त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १,१०० मिलिमीटरवर मानला, तर एकूण उंची ७७६ होते आणि तो भागाकार ०.९२ वर उतरतो. पुढे दोघेच बसले तर तो ०.९९ राहतो. अरुंद टायर एवढा आडवा जोर सहसा पेलत नाहीत, आधी घसरतात. पण घसरणारे चाक खड्ड्याला किंवा रस्त्याच्या कडेला अडले, तर गाडी उलटायला तेवढे पुरते. शिवाय पाट्यांवर गाडी कलते, ते या आकड्यांत धरलेलेच नाही.

मी मालकांना लेखी कळवले की घाटात मागचे आसन रिकामे ठेवावे, वळणे सावकाश घ्यावीत आणि कुटुंबातल्या बाकीच्यांनी दुसऱ्या गाडीतून मागोमाग यावे. त्यांनी ते मान्य केले.