आमची वाटचाल : चांदीच्या कोंदणातला अकीक

नाशिकच्या सराफ बाजाराजवळच्या एका गल्लीत वडिलांचं दुरुस्तीचं काम चालायचं. तुटलेली साखळी झाळून देणं, जोडव्यांची मापं कमी-जास्त करणं, पैंजणांचे घुंगरू बदलणं. सोनं मोठ्या पेढ्यांकडे, चांदी आमच्याकडे. नुसत्या घडणावळीवर घर चालतं, धंदा वाढत नाही. मी हाताशी आलो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की चांदीत असं काही बसवावं, जे शेजारच्या दुकानात तसंच्या तसं मिळणार नाही. माणिक-पाचू ऐपतीबाहेर होते. अकीक, म्हणजे अ‍ॅगेट हा रेघारेघांचा खडा, ऐपतीत होता.

शिवाय तो आपल्या मातीतला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि कडेपासून आतवर थरावर थर बसले. म्हणून अकीक कापला की कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसतात. लासलगाव ज्याच्या जिल्ह्यात आहे त्याला दुसरी उपमा सुचायची नाही. पांडवलेणी कोरली ती याच लाव्हाच्या काळ्या पाषाणात. सिन्नरकडे विहीर खणताना गारगोट्या निघतात, त्याही अशाच पोकळ्यांतल्या. ताम्रपाषाण काळात या भागातली माणसं अकिकाच्या जातीच्या दगडाची पाती काढायची, ती त्याच्या कडकपणामुळे. खनिजांच्या कडकपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर तो साडेसहा ते सात भरतो. साध्या पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. मोती किंवा पोवळं रोज अंगठीत घालायचं तर जपावं लागतं. अकीक घालून बाई धुणंभांडी करते आणि दगडाला काही होत नाही.

गंमत अशी की इथला दगड आम्ही फारसा वापरत नाही. आमच्या हाती आलेले तुकडे बहुतेक लहान आणि चिरा गेलेले. कच्चा माल येतो गुजरातेतून, खंभातच्या बाजारातून. त्यातला बराच राजपीपळ्याकडच्या रतनपूर भागातला. तिथल्या कारागिरांची भट्टी पाहण्यासारखी असते. मातट, तपकिरी खडे मडक्यात भरून मंद आगीत भाजतात. आतल्या लोहाचा रंग पालटतो आणि खडा तांबडा होऊन बाहेर पडतो. हीच रीत हडप्पाकालीन मणी करणाऱ्यांनाही ठाऊक होती.

खंभातची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोरड्या चाकावर अकीक घासला की बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. सिलिकोसिसने तिथली कितीतरी माणसं ऐन उमेदीत गेली आहेत. तयार खडे घेतले असते तर आम्हाला स्वस्त पडले असते. पण कुठला खडा कोणी कसा घासला, हे कळायला मार्ग नाही. म्हणून आम्ही दगड अख्खा आणतो आणि सातपूरच्या भाड्याच्या गाळ्यात कापतो. हिऱ्याच्या धारेची करवत, तिच्यावर सतत पाणी; घासायच्या चाकावरही पाणी, तोंडाला मास्क. दिवसभर हात ओले, पायाखाली पांढरट चिखल, काम सावकाश. गळ्यातलं पदक महाग होतं. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

कापण्याआधीचा वेळ मला सगळ्यात आवडतो. बाहेरून दगड बटाट्याइतका ओबडधोबड. एक काप काढायचा, पुसायचा, मागून टॉर्च लावायचा. मग दिसतं की वलयं कुठे दाट आहेत, कुठे पांढऱ्या रेघेनंतर एकदम मधाचा रंग येतो, मधोमध गारेचे बारीक स्फटिक चमकतात की नुसतीच पोकळी आहे. त्यावर पेन्सिलीने लंबगोल आखायचा. रेघ जराशी सरकली तरी खडा वेगळाच होतो. शेवटी सेरियम ऑक्साइड लावलेल्या फेल्टवर घोटला की त्याला ओलसर झिलई येते. कोंदणाचं झाळकाम आधी उरकतो, खडा शेवटी बसवतो. एकदम आच लागली तर तडकतो. पातळ चांदीची पट्टी समोरासमोरून थोडी थोडी दाबत आणायची. आमचे जुने कारागीर हे करताना कोणाशी बोलत नाहीत, फोनही घेत नाहीत.

काउंटरवर लोकांना हवा असतो तो भडक निळा किंवा गुलाबी. तो सहसा रंगवलेला असतो. अकिकाच्या थरांत सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांत रंग मुरतो. घट्ट थर कोरेच राहतात, म्हणून रेघा आणखी उठून दिसतात. काळा करायची रीत तर अजबच: खडा बरेच दिवस साखरेच्या पाण्यात ठेवायचा, मग तीव्र गंधकाम्लात, की आत मुरलेल्या साखरेचा कोळसा होतो. रंगवणं म्हणजे फसवणूक नव्हे. न सांगणं ही फसवणूक. आमच्या बिलावर 'रंगवलेला', 'भाजलेला' किंवा 'नैसर्गिक' असं लिहिलेलं असतं.

दुसरा ठरलेला प्रश्न, "भाऊ, हा कुठल्या राशीला चालतो?" मी सांगतो, "ताई, ज्या साडीवर शोभेल त्या साडीला." काही जणी हसून घेतात, काही जणी उठून जातात. राशीचे खडे विकले असते तर दुकान मोठं झालं असतं, असं घरचेच म्हणतात. म्हणोत.

जास्त मागणी कानातल्यांना. त्यासाठी एकाच दगडाचे शेजारचे दोन काप घेतो आणि वही उघडल्यासारखे समोरासमोर ठेवतो. नक्षी जवळपास जुळते, पण शंभर टक्के कधीच नाही. "हे दोन सारखे नाहीत" म्हणत जोड परत करणारे असतात आणि नेमकं तेवढ्यासाठीच नेणारेही असतात. या नेणाऱ्यांच्या जोरावर आम्ही टिकलो.

आता सिंहस्थाची तयारी सुरू आहे आणि बाजारातले हितचिंतक सांगतात, एकसारखी स्वस्त पदकं हजारांनी काढून ठेवा, गर्दीत खपतील. एकसारखे हजार अकीक आणायचे कुठून? आम्ही अंगठ्या आणि कानातलीच करतोय, जितकी होतील तितकी.